लेव्हल एकशे सत्त्याऐंशी

४ नोव्हेंबर

आजपासून लिहायचं. हुकूम वाचाबाईंचा. त्यांचं खरं पद लांबलचक आहे, पण गेलेली वाचा परत आणणाऱ्या बाई म्हणून मी त्यांना वाचाबाई म्हणतो. तोंडावर नाही, अर्थात.

त्या म्हणाल्या, "काका, काकूंचं रोजचं लिहून ठेवा. काय खाल्लं, हात किती हलला, तोंडातून काय आवाज आला. आपल्याला वाटतं काहीच होत नाहीये, पण कागदावर दिसतं."

तर कागदावर: सूप अर्धी वाटी. उजवा हात हलला नाही. आवाज नाही.

झटका येऊन तीन महिने झाले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हिचं बोलणं जावं, हे मात्र कुणाला सांगून पटणार नाही. एकतीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसली ही. कुठल्या वॉर्डाचा कुठला नंबर, कुठला डॉक्टर आत्ता कुठे सापडेल, सगळं तोंडपाठ. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दिवसभरात चार वाक्यं बोलणारा. घरातलं बोलण्याचं खातं हिच्याकडेच होतं.

मुलीचा फोन आला. ती राहते तिथे जवळ एक शुश्रूषागृह आहे, चांगलं आहे म्हणे. "बाबा, सव्वीस तारखेला तुमच्या त्या बाई तपासतील ना, सुधारणा नसेल तर मी आईला घेऊन जाते. तुम्हाला एकट्याला झेपत नाहीये."

झेपतंय, असं म्हणालो. दूध उतू जात होतं, ते नाही सांगितलं.

६ नोव्हेंबर

वाचाबाईंनी फोनमध्ये एक खेळ घालून दिला. उभ्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत चार रंगांचे थर, एकावर एक. एका बाटलीतून दुसरीत ओतायचं. नियम दोनच. रंग फक्त त्याच रंगावर ओतता येतो, नाहीतर रिकाम्या बाटलीत. आणि चारांहून जास्त थर मावत नाहीत. शेवटी प्रत्येक बाटलीत एकच रंग राहिला की जिंकलात.

"काकूंना खेळू द्या. मेंदूला चालना मिळते."

मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत, हिच्या उजव्या हाताला बसून फोन समोर धरला. हिनं पाहिलंच नाही. नजर सरळ खिडकीकडे. फोन हातात दिला तर मांडीवरून घसरून खाली पडला. रस नाही, असं दिसतं.

नंतर मीच जरा पाहिला. आधी आपल्याला कळला तर हिला शिकवता येईल.

९ नोव्हेंबर

लेव्हल त्र्याहत्तर.

हे कबूल करायला हवं. मी चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या आहेत. गुंतलेलं सोडवणं हा माझा हातखंडा. कितीतरी दिवसांत, आपल्याला काहीतरी जमतंय, असं वाटलं. तासभर ही खोलीत आहे, हेच विसरलो. लक्षात आलं तेव्हा मान वर केली, तर ही मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघत होती. लाज वाटली. सूप गरम केलं.

(सूप पूर्ण. हात तसाच. आवाज नाही.)

१३ नोव्हेंबर

एकशे सत्त्याऐंशी आली आणि गाडी अडली.

अकरा बाटल्या. वर सहा, खाली पाच. नऊ भरलेल्या, दहावी-अकरावी रिकाम्या. नऊ रंग. दिसायला अगदी गरीब. सकाळपासून सतरा वेळा हरलो. मी बाटल्यांना नंबर दिलेत आणि मोठ्यानं म्हणत खेळतो, म्हणजे गोंधळ होत नाही: "चौथीतून दहावीत. पहिलीतून चौथीत." घड्याळ उघडतानाही मी असंच पुटपुटायचो. गिऱ्हाइकं हसायची.

शेजारचा कंडक्टर आला. (बसमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून सगळे त्याला कंडक्टरच म्हणतात.) त्याच्या फोनमध्येही हाच खेळ निघाला. तीनशे बेचाळीसवर आहे!

"एकशे सत्त्याऐंशी? अहो, ती सुटतच नाही. जाहिरात बघायची, एक जादा रिकामी बाटली मिळते. पुढे सरका!"

"ते काय सोडवणं झालं?"

"बसा मग धरून," कंडक्टर म्हणाला. "वहिनी, सांगा यांना काहीतरी."

त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. बिचारा पेपर तिथेच विसरून गेला.

जादा बाटली घेणार नाही म्हणजे नाही.

१५ नोव्हेंबर

माझी खुर्ची मोडली. कंडक्टर बसला आणि मागचा पाय मुडपला. आता घरात दुसरी धड खुर्ची म्हणजे जेवणाच्या टेबलाची, ती हिच्या उजवीकडच्या अरुंद जागेत मावेना. म्हणून डावीकडे, खिडकीच्या बाजूला बसलो. मधे छोटं टेबल, त्यावर फोन टेकवून ठेवला. उजेड पडतो, चकाकतं, पण इलाज नाही.

एकशे सत्त्याऐंशी: बारा वेळा हार.

आज एक नवीन झालं. ही डाव्या हाताच्या बोटानं टेबलावर टकटक करायला लागली. चहा हवा असेल म्हणून चहा केला. घेतला नाही.

१७ नोव्हेंबर

टकटक वाढली आहे. मी खेळायला बसलो की हमखास. पाणी दिलं, नको. उशी सरकवली, नको. पंखा लावला, बंद केला, खिडकी उघडली, बाथरूमला न्यायला उठवलं. तिथे दारातच थांबून हिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी हिच्या बहिणीच्या घरी चुकून दुसऱ्याच कुणाचं अभिनंदन केलं होतं, तेव्हा पाहिलं होतं.

परत आलो, बसलो, फोन घेतला. टकटक टकटक! शेवटी टेबलावर पंजा आपटला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चिडचिड होऊ शकते, घाबरू नका. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघा बाबा. तिला काय हवंय तेही आपल्याला कळत नाही. तिथे चोवीस तास माणसं असतात."

खरंच आहे. बेचाळीस वर्षं संसार केला आणि टकटकीचा अर्थ कळत नाही.

एकशे सत्त्याऐंशी: मोजणं सोडून दिलं.

१९ नोव्हेंबर

वाचाबाई आल्या. टकटक सांगितली.

"किती वेळा करतात?"

"मोजलं नाही."

"मोजा ना, काका!" मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. फोन, टेबल, मी. "तुम्ही पूर्वी या बाजूला बसत होतात. इकडे कधीपासून?"

"खुर्ची मोडल्यापासून."

"बरं झालं मोडली," म्हणाल्या आणि हसल्या. खुर्ची माझ्या दुकानातली, वीस वर्षांची. यात बरं झाल्यासारखं काय आहे, कळलं नाही. पण एरवी बाई चांगल्या आहेत.

२० नोव्हेंबर

मोजलं!

सकाळी: चार टकटक, जरा थांबून नऊ. पुन्हा चार, नऊ. तिसऱ्यांदा चार, नऊ. मी तिन्ही वेळा नुसतं लिहून घेतलं, तर हिनं कपाळाला हात लावला.

चार आणि नऊ. एकोणपन्नास! एकतीस वर्षांचा टेलिफोन बोर्ड! ही मला नंबर लावायला सांगतेय! धावत जाऊन हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या मुलीला म्हटलं, एकोणपन्नास लावा. लागला.

"धुलाई विभाग."

"माझी बायको तुमच्याशी बोलू इच्छिते," मी म्हटलं.

"चादरी गेल्यात का तुमच्या?"

फोन हिच्या कानाला लावला. हिनं डोळे मिटून घेतले. पलीकडचा माणूस बराच वेळ हॅलो, हॅलो करत होता. मग मी त्याचे आभार मानले.

दुपारी: दोन, दहा. मग सहा, दोन. हे कुणाचे नंबर आहेत ते उद्या विचारतो.

२१ नोव्हेंबर

मी गाढव आहे. ठळक अक्षरात लिहितो. गाढव!

आज अकराच्या सुमारास खेळायला बसलो. नवा डाव. पहिली चाल नेहमीची, नववीतून दहावीत. मग सवयीनं पुटपुटलो, "चौथीतून..." आणि कुठे ओतावं म्हणून अडखळलो. बोट चौथ्या बाटलीवरच होतं. शेजारून टकटक सुरू झाली. मी म्हटलं मोजूया. नऊ.

चौथीतून. नऊ.

नवव्या बाटलीत जांभळा वर होता. चौथीतही जांभळा वर होता. मी ते आधी पाहिलं होतं, पण इतक्या लवकर काय फायदा म्हणून सोडून दिलं होतं. मी ओतलं. हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे बघत नव्हती. फोनकडे बघत होती, पुढे वाकून, भुवया आवळून. बोर्डावर एकदम आठ फोन आले की ही अशी बसायची, मी तिला घ्यायला जायचो तेव्हा काचेतून दिसायची.

टक टक. थांबली. दहा टकटक.

"दुसरीतून दहावीत?"

मान हलली. हो!

मी उठून उभाच राहिलो. पुन्हा बसलो. सहा, दोन. एक, सहा. पाच, एक. ही वाजवते, मी ओततो. रंग नुसते आपापल्या घरी चालले होते! झटक्यानं हिची उजवीकडची नजरही गेली असणार; खुर्ची मोडली, फोन डावीकडे आला, आणि पंधरा तारखेपासून ही मला सांगत होती. आणि मी काय केलं? पंखा लावला. धुलाई विभाग लावला!

हिला म्हटलं, "माफ कर." हिनं मान झटकली आणि पुढची चाल वाजवली. माफीबिफीला वेळ नव्हता.

अकरा चालींनंतर अडलो, तेव्हा जेवायची वेळ झाली होती. जेवली पोटभर, आणि डाव्या हातानं, स्वतः.

२३ नोव्हेंबर

काल भांडण झालं, म्हणून लिहिलं नाही.

आम्ही पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन थांबतो. शेवटची एकच बाटली रिकामी उरते, अकरावी. मी म्हणतो ती जपायची. सगळं घड्याळ उघडल्यावर टेबलाचा एक कोपरा मोकळा ठेवावाच लागतो, नाहीतर सुटे भाग ठेवणार कुठे? पण हिची चाल काय, तर सहावीतला राखाडी तिच्यात ओतायचा. एक थर! एका फुटकळ थरासाठी शेवटची रिकामी बाटली घालवायची!

"वेड लागलंय का?" मी म्हणालो.

सहा. अकरा.

"नाही ओतणार."

सहा. अकरा. टेबल हलेपर्यंत.

मग मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि माझ्या पद्धतीनं खेळलो. सहा वेळा हरलो. बाहेर आलो तेव्हा हिचा चेहरा ओला होता. मी झटक्यानंतर हिला रडताना पाहिलं नव्हतं. मी समजत होतो, की रडण्याइतकं आत काही उरलेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरलं आहे. तीन महिने मी हिला भरवलं, पुसलं, निजवलं. बंद पडलेल्या घड्याळावरची धूळ पुसावी तसं. आणि ते आत चालूच होतं.

कंडक्टर आला, त्याला सगळं सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "वहिनी खेळतात? एकशे सत्त्याऐंशी? जादा बाटलीशिवाय?" मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "एक सांगू? वहिनी म्हणतात तसं करा. चाल चुकीची असली तरी करा. हरलात तर दोघं हराल."

बसमध्ये तीस वर्षं माणसं पाहिलेला माणूस आहे.

२४ नोव्हेंबर

सुटली! सुटली! एकशे सत्त्याऐंशी सुटली!

एकेक चाल नीट लिहून ठेवतो, विसरायच्या आत. अजून कान गरम आहेत.

सकाळी दहाला बसलो. नेहमीच्या जागी आलो, अकरावी रिकामी. हिनं बोट उचललं आणि माझ्याकडे पाहत तसंच धरून ठेवलं. मी म्हटलं, "सहावीतून अकरावीत. तू म्हणतेस तर." ओतला राखाडी. गेली शेवटची मोकळी जागा.

पण राखाडी उचलला, तर त्याच्याखाली सहावीत दोन हिरवे! ते थेट पहिलीत गेले, पहिली पूर्ण झाली, टिंग असं वाजलं. सहावीत उरला एकटा लाल. तो दुसरीतल्या लालांवर. म्हणजे सहावी मोकळी! एक जागा दिली आणि दुसरी परत मिळाली. हे मला दहा-अकरा दिवसांत दिसलं नव्हतं.

आता मला चेव आला. पुढचं सगळं दिसायला लागलं. तिसरीच्या तोंडाशी गुलाबी, आठवीच्या तोंडाशीही गुलाबी. तिसरीतला गुलाबी आठवीत ओतायला मी बोट टेकवणार, तेवढ्यात ही म्हणाली, थांबा. थांबलो. पाहतो तर काय, आठवीत गुलाबीच्या खाली पिवळा दडलेला. वरून आणखी गुलाबी ओतला असता तर तो कायमचा गाडला गेला असता. उलटं करायला हवं होतं, आठवीतला तिसरीत. केलं. पिवळा मोकळा. पिवळा पाचवीत, पाचवी पूर्ण. मग राखाडी, मग निळा, मग जांभळा, टिंग, टिंग, टिंग! नऊ बाटल्या नऊ रंगांच्या, आणि पडद्यावर कागदाचे तुकडे उडायला लागले.

मी ओरडलो. समोरच्या इमारतीतल्या बाई गॅलरीत आल्या. कंडक्टर घरातल्या चपलांवर धावत आला, त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं. त्यानं पडदा पाहिला आणि हिच्या डाव्या हाताशी हात मिळवला, रीतसर, मंत्र्यानं मिळवावा तसा. ही हसली. तोंड अर्धंच हसतं आता, पण डोळे पूर्ण हसले.

काय दिवस!

संध्याकाळी, चहा घेताना: मुलीला फोनवर वाचून दाखवावं म्हणून वरचं पुन्हा वाचत होतो. "तेवढ्यात ही म्हणाली, थांबा."

म्हणाली?

म्हणाली!

मी खरंच ऐकलं. टकटक नव्हती ती. आवाज होता, खरखरीत, बोर्डावरचा गोड आवाज नव्हे, पण शब्द होता. आणि मी थांबलो, जसा बेचाळीस वर्षं थांबत आलो, आणि खेळत राहिलो!

२५ नोव्हेंबर

दिवसभर हिच्यासमोर बसून विनवण्या. "एकदा म्हण. थांबा म्हण." ही ओठ जुळवते, श्वास घेते, काही येत नाही. मग थकते आणि खिडकीकडे बघते. दुपारी मी विनवण्या सोडल्या. तोंडातून शब्द ओढून काढायचा प्रयत्न म्हणजे घड्याळाचा काटा बोटानं ढकलण्यासारखं आहे, मला कळायला हवं होतं.

मुलगी आज रात्रीच्या गाडीनं निघतेय, उद्या सकाळी पोचेल. फोनवर तिला सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाटलं असेल. असं होतं." तिचा आवाज प्रेमळ होता, म्हणून जास्त लागलं.

खरंच वाटलं असेल का? मी एकट्यानंच ऐकलं. कंडक्टर तेव्हा त्याच्या घरी होता.

२६ नोव्हेंबर

सकाळी मुलगी आली, तिच्या पिशवीत शुश्रूषागृहाचा फॉर्म. दहाला वाचाबाई आल्या. चित्रांची कार्डं दाखवली. कप. चावी. खुर्ची. "काकू, हे काय?" ही ओठ हलवते, घाम येतो, शब्द नाही. मुलगी आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मी भिंतीला टेकलो होतो, आणि मला वाटलं, गेली ही. उद्यापासून या घरात मी आणि घड्याळं.

वाचाबाई कार्डं गोळा करायला लागल्या. मी म्हटलं, "पाच मिनिटं द्या."

फोन टेबलावर ठेवला. खिडकीच्या बाजूला, हिच्या डावीकडे. नवी लेव्हल काढली. ही लगेच पुढे वाकली. सहा टकटक, मग दहा. मी मुद्दामच ते न करता, भलत्याच बाटलीतला निळा रिकाम्या बाटलीत ओतला. ही माझ्याकडे पाहायला लागली. थांबा म्हणाली नाही. मी आणखी एक वेडपट चाल केली, दुसरी रिकामी बाटलीही घालवली. काही नाही. तिसरी चाल अशी केली, की कंडक्टरच्या कुत्र्यानंही केली नसती.

हिनं फोनवरची नजर उचलली. माझ्याकडे पाहिलं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. ओठ जुळले.

"मुद्दाम," ही म्हणाली.

मुलीच्या तोंडून "आई" असं काहीतरी निघालं. वाचाबाई अजिबात घाबरल्या नाहीत, त्या खुर्ची ओढून हिच्यासमोर बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काका मुद्दाम चुकले, काकू?"

हिनं मान हलवली. हो.

"आणि एरवी चुकतात ते?"

ही धडपडली. जबडा हलला, ओठ वाकडे झाले, डावी मूठ आवळली गेली. मला वाटलं, नको, पुरे. पण ही थांबणारी नव्हती. कपाळावरची शीर फुगली, आणि आलं.

"खरंच."

आधी मुलगी हसायला लागली, मग तिला रडू फुटलं, मग दोन्ही एकदम. वाचाबाईंनी वहीत काहीतरी भराभरा लिहिलं आणि म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा येत होते, आता चारदा येईन. फॉर्म पिशवीतून बाहेर निघालाच नाही. मुलगी परवा परत जाणार आहे, एकटी. जाताना खेळ तिच्याही फोनमध्ये घालून घेणार म्हणते.

तर कागदावर: जेवण पूर्ण, डाव्या हातानं. उजवा अंगठा बहुतेक हलला, उद्या नीट पाहतो. शब्द आतापर्यंत तीन. तिन्ही माझ्या चुकांबद्दल.

चुकांची मला काही कमी नाही.